सहा खाचा

"आधी हात पुसून घे," आक्का म्हणाल्या, "आणि मग गिटार आडवी ठेव. मानेखाली टॉवेलची घडी घाल. झोपलेल्या लेकराची मान धरतोस ना, तशी धर."

चष्मेवाल्याने हात पुसले. नखं इतकी स्वच्छ, की आक्कांनी तिथेच ओळखलं: या माणसाने आयुष्यात कानस धरलेली नाही. पस्तिशीचा बाप्या, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर वही. लिहून घेणार म्हणे! हाताचं काम कधी वहीत मावतं का?

दुकानातल्या दुरुस्तीच्या या टेबलापाशी नीट बसणारं कुणीतरी हवं होतं. ते कोण, हे आजच ठरायचं होतं. बाहेर बाकावर आणखी दोघं दाढीवाले थांबले होते. येताना आक्कांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं. "पाय आत घ्या रे, वाट आहे ही," एवढंच बोलणं झालं. तेवढ्यात त्यांची किंमत कळली.

आक्कांना घोर घरचा होता. सकाळी चहाचा कप पुढे सरकवत सूनबाईने सांगितलं होतं, "आई, आज शेवटचं. नाही जमलं तर ती हत्यारं मी माळ्यावर टाकणार. आता बसून खा." बसून खा! चाळीस वर्षं ज्या हातांनी वाद्यं सरळ केली, त्या हातांनी आता मटार सोलायचे?

त्यांनी आपली कापडी गुंडाळी सोडली. दुसऱ्याच्या कानशीला हात लावायची त्यांना सवय नव्हती.

"मावशी, हिचं नेमकं दुखणं काय?" चष्मेवाल्याने विचारलं.

"ऐक." त्यांनी सगळ्यात बारीक तार मोकळीच छेडली. डब्यात माशी अडकावी तशी ती झणझणली. "आता मानेवरच्या पहिल्या पडद्यावर, या धातूच्या आडव्या पट्टीपाशी, बोट दाबून वाजव."

त्याने वाजवली. आवाज स्वच्छ आला.

"कळलं? बोट ठेवलं की गुणाची, मोकळी सोडली की किरकिर. म्हणजे दोष इथे." मानेच्या टोकाला बसवलेल्या पांढऱ्या पट्टीवर त्यांनी नख वाजवलं. "हा नट. तारा याच्या सहा खाचांतून डोक्याकडे जातात. खाच झिजून खोल गेली, तार पडद्याला घासायला लागली."

"मग खाच भरून काढली तर? पूड आणि गोंद घालून?"

"काढ की! आणि महिन्याभराने गिऱ्हाईक परत आलं की टेबलाखाली लप."

तो हसला आणि त्याने काहीतरी लिहिलं.

आक्कांनी तारा सैल केल्या. जुन्या नटाच्या कडेने पातं फिरवून रंगाचा थर कापला, लाकडाचा तुकडा टेकवून हातोडीने दोनदा टकटक केलं. नट दुधाच्या दातासारखा सुटून आला. चष्मेवाल्याने नव्या नटांचा डबा पुढे केला.

"हाडाचा घेऊया ना? सगळ्यात महाग तोच."

"टोपी महाग मिळाली म्हणून पायात घालतोस का? वाजवणारा वाजवतो कसा, ते आधी बघ." त्यांनी गिटारीच्या अंगावरचा लोखंडी दांडा दाखवला. त्याची चकाकी पार उडाली होती. "हा पठ्ठ्या दांडा दाबून दाबून सूर हलवतो. दर वेळी तार खाचेतून सरकणार आणि तिला परत जागेवर यायला हवं. तिथे हा काळा बरा, ग्राफाइटचा. दिसायला काळुंद्रा, पण गुळगुळीत. हाड चांगलंच आहे, पण ज्याचं त्याला."

त्याने पुन्हा लिहिलं. फार लिहितो हा, आक्कांना वाटलं. असा माणूस दुकानात टिकायचा कसा?

नट बसला. आता खाचा. जाड तारेला जाड कानस, बारीक तारेला बारीक. एक घास, एक नजर.

"कधी थांबायचं, ते कसं कळतं?"

"तिसऱ्या पडद्यावर तार दाबायची आणि पहिल्या पडद्यापाशी बघायचं. कागदाएवढी फट उरली की हात आवरायचा. अजून एकदा, अजून एकदा करत बसलास की मेलास. खाली गेलेली खाच वर येत नाही."

"आणि गिऱ्हाईक घाई करत असेल तर?"

"तर त्याला म्हणावं, तूच कर."

पाच खाचा झाल्या. सहावी सगळ्यात नाजूक. आक्कांनी कानस टेकवली आणि परत उचलली. इथे चुकलं तर सगळंच मुसळ केरात, आणि गुंडाळी माळ्यावर. त्यांनी मनगट लाकडावर टेकवलं, श्वास सोडला. बघतात तर चष्मेवाल्याची नजर त्यांच्या बोटांवर खिळलेली.

"नटाकडे बघ. माझ्या हाताकडे काय बघतोस?"

"बघतोय, मावशी."

एक घास. नजर. अर्धा घास. थांबल्या.

तारा ताणून सुरात आणल्या. मोकळी बारीक तार छेडली. ती घंटेसारखी वाजली आणि वाजतच राहिली. चष्मेवाल्याने दांडा पार खालपर्यंत दाबला, सोडला. सूर मापायच्या यंत्राचा काटा हेलकावला आणि बरोबर मधोमध येऊन उभा राहिला. त्याने पुन्हा दाबला. काटा पुन्हा मधोमध.

आक्का कानशी पुसत होत्या. वर न बघताच त्यांनी विचारलं, "काय मग? शिरलं का काही डोक्यात?"

"सगळं शिरलं." त्याने वही मिटली आणि तो उठून उभा राहिला. "सोमवारपासून कामावर या, मावशी. जागा तुमची. फक्त एवढंच, गिऱ्हाइकांसमोर मालकाला अहो-जाहो करा."