पाठ झालेला शब्द

बाबांचे रिपोर्ट बाजूला सारून डॉक्टर शर्वरीकडे बघत म्हणाले, "नाऊ, ओन्ली पॅलिएटिव केअर." ओरगडमच्या कारखान्यात बदली होऊन आलेल्या बाबांना तमिळ येत नव्हतं आणि इंग्रजी जेमतेम, म्हणून दवाखान्यात मध्यस्थ तीच.

"काय म्हणाले गं?"

"औषध बदलतायत. पडेल उतार हळूहळू."

बाबांनी मान डोलावली.

संध्याकाळी त्यांनी रोजच्यासारखी तिची शब्दांची कार्डं मागितली.

"आज नको ना, बाबा."

"परीक्षा तोंडावर आलीय. आण."

पुढच्या बाजूला इंग्रजी शब्द, मागे उच्चार, अर्थ आणि वाक्य. बाबांना विचारता यावं म्हणून मागचं सगळं तिने हौसेने मराठीत लिहिलेलं. आता एकेक कार्ड सरकत होतं आणि ती उरलेल्या गठ्ठ्याकडे बघत होती.

बाबांनी कितीदा तरी विचारलेलं ते कार्ड आलंच. पॅलिएटिव : आजार बरा न करता फक्त त्रास कमी करणारं.

बाबांनी ते उलटून पाहिलंसुद्धा नाही. गठ्ठ्याच्या तळाशी सारत म्हणाले, "हा शब्द राहू दे. हा आपल्या दोघांचाही पाठ झालाय."