मिठीची जागा

मिठीची जागा आली आणि तिने त्याला हातभर अंतरावरच थोपवलं. दोन्ही तळवे त्याच्या छातीवर टेकवले. तुरुंगातून सुटून आलेला नवरा आणि दारात उभी बायको, असा नाटकातला प्रसंग. तालमीत कडकडून भेटायचं ठरलं होतं. प्रेक्षागृहात कुणी खोकेना.

नटाला मात्र घाम फुटला. हे तळवे त्याच्या ओळखीचे होते. घरी त्याची खरी बायको अधूनमधून त्याला असंच लांब ठेवायची. मग तो फुगून बसायचा आणि ती कूस बदलायची. या प्रवेशाआधी, मध्यंतरात चहा पिताना त्याने दिग्दर्शकाला सांगूनही टाकलं होतं, “आज घरी गेलो की सोक्षमोक्षच लावतो. तिचं मन उडालं असेल तर एका छपराखाली कुढत कशाला राहायचं? वेगळे होऊ.”

दुपारचा प्रयोग संपला. दिग्दर्शक हात चोळत रंगपटात आला. “काय अंतर ठेवलंत! मी पहिल्यापासून हेच सांगत होतो.” तो असं कधीच म्हणाला नव्हता. पण टाळ्या पडल्या की दिग्दर्शकांना बरंच काही आठवतं.

तो गेल्यावर नट खोटी मिशी सोडवत नटीकडे वळला. “माझं काही चुकलं का?”

“छे हो, दादा.” पडदा पडला की तो तिचा दादाच असायचा. “पाळी जवळ आली की छाती ठणकते. जरासा धक्का सोसत नाही. पाळी सुरू झाली की आपोआप थांबतं. डॉक्टरांना दाखवलंय, काळजीचं काही नाही.”

“दर महिन्याला?”

“जवळजवळ. पुष्कळ जणींना होतं. असे बघताय काय? तुमच्या घरात बाई नाही का?”

नट अर्ध्या मिशीनिशी बाहेरच्या जिन्यात गेला. घरी फोन लावला. इकडचं तिकडचं काही न बोलता त्याने बायकोला विचारलं, “तू मला लांब ठेवतेस, ते छाती दुखते म्हणून?”

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

“हो. तुला कुणी सांगितलं?”

“नाटकातल्या बायकोनं. आज तिनंही अडवलं. मी तिला विचारलं, माझं काही चुकलं का?”

ती हसल्यासारखी म्हणाली, “तिनं एकदाच अडवलं तर लगेच विचारलंस. मी लग्न झाल्यापासून वाट बघतेय.”