कीबोर्डखालची चिठ्ठी

मोबाइल कंपनीच्या दुकानात सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड होता, तोही कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर. काउंटरवर बसणाऱ्या धाकट्या बहिणीनं ही गंमत घरी स्वतःच्याच तोंडानं सांगितली होती. आता वहिनी घर सोडून गेली, आणि दादा काउंटरसमोर ठाण मांडून बसला. "ती कुणाकुणाशी बोलते, तेवढी यादी काढून दे. सख्खा भाऊ आहे मी!" "आणि वहिनी आमची ग्राहक आहे. प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी मिळणार नाही." "बरं, पाणी तरी देशील?" धाकटी आत गेली. परतली तेव्हा दादाच्या हातात उलटा कीबोर्ड होता आणि तोंड उतरलं होतं. चिठ्ठी जागेवरच होती, मजकूर मात्र नवा: "दादा, पासवर्ड कालच बदललाय." तिनं ग्लास पुढे केला. "पाणी पी आणि घरी जा. तुझा नंबर आहे वहिनीकडे. बोलावंसं वाटलं, तर करेल ती."