दोन बाक पुढे

चर्चमध्ये प्रभुभोजनाचं ताट बाकावर आलं की भाकरीला हात न लावता मी ते पुढे सरकवायचो. भावाशी वैर असताना भाकर घेऊ नये, हा नियम मी अकरा वर्षं एकदाही मोडला नाही. बाबांची हार्मोनियम कोणाकडे राहावी यावरून आमचा अबोला होता. दादा दोन बाक पुढे बसायचा.

“आधी समेट कर, असं प्रभू सांगतो,” पाळकसाहेब एकदा म्हणाले.

“झाला नाही, म्हणूनच तर मी घेत नाही,” मी ताठ मानेने म्हणालो.

उपासनेनंतर दादा दाराशी चपला घालत उगाच रेंगाळायचा. मी बाजूच्या दाराने निघून जायचो.

मंगळवारी दादा अचानक गेला. बुधवारी त्याला माती दिली. आज पुन्हा ताट आलं. शेजारचे भिंगारदिवेकाका हळूच म्हणाले, “आता घ्यायला हरकत नाही.”

नियमाने त्यांचं बरोबरच होतं. ज्याच्याशी वैर होतं, तो आता राहिला नव्हता. ताट मांडीवर धरून मी दादाच्या रिकाम्या जागेपर्यंतची पावलं मनात मोजली. सहाच भरली.