खापरावरचा मांडा

"आमच्या आईला मांडे येत नाहीत," कुंदनने परस्पर सांगून टाकलं.

विचारलं होतं शेजारच्या ताईबाईंनी, आणि तेही त्याला नव्हे. आखाजीचा सण. देवपुरातल्या त्यांच्या अंगणात निंबाखाली चूल पेटलेली, चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं, आणि ऐनवेळी ताईबाईंचं मनगट दुखावलेलं. म्हणून ओट्यावर बसलेल्या त्याच्या आईला, लताबाईंना, त्यांनी चुलीकडे बोलावलं होतं, "अक्का, आठे या, पुरण तयार शे. तुमले मांडा येतस का?"

कुंदनला वाटलं, आपण आईची सुटका केली. मुंबईतली भाड्याची खोली परवडेना, तेव्हा महिन्यापूर्वी तो तिला इथं, तिच्या माहेरच्या मुलखात, घेऊन आला. घर चार खोल्यांचं, पण आई दिवसभर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अंग चोरून बसायची. बोलणंही आटलेलं. तिचा इतक्या वर्षांचा शेजार आपण तोडला, ही गोष्ट त्याला आतून खात होती. काल त्यानेच म्हटलं होतं, करमत नसेल तर आखाजी झाली की परत जाऊ, कसंही भागवू. ती कोपऱ्यात तांदूळ निवडत राहिली होती.

आता मात्र ती उठली, कोपरापर्यंत हात धुतले आणि चुलीपाशी जाऊन पुरण भरलेला गोळा उचलला.

गोळ्याची आधी साधी पोळी झाली. मग ती या हातावरून त्या हातावर जाऊ लागली आणि दर फेरीला वाढू लागली. तळव्याबाहेर गेली, मनगटावरून उतरली, थेट कोपरापर्यंत पोचली. आईचे हात खांद्यापासून उघडले होते. एवढे लांब हात आईला आहेत, हे कुंदनला आजवर ठाऊकच नव्हतं. मांड्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं. तिने तो खापरावर टाकला, एक सुरकुती पडली नाही.

चुलीभोवती जमलेल्या बायका जवळ आल्या. आजवर मनातच मांडे खाल्लेला कुंदन नुसता बघत राहिला.

"आई, तू कधी केले नाहीस गं हे?"

"तिथं कशी करणार? एक हात फ्रिजला लागायचा, दुसरा कपाटाला."

तिने दुसरा गोळा घेतला. हात पुन्हा उघडले, तसा कुंदन सवयीने आक्रसून मागे झाला. मुंबईच्या त्या खोलीत आईने पातेलं उतरवलं तरी बाकीच्यांना भिंतीला टेकावं लागायचं.

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने तिच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या माहेरच्या बोलीत म्हणाली, "सरकू नको रे. आठे जागा शे."