आरशासारखी नदी

गुडघाभर पाण्यात टॅम्सिन नकाशा धरून उभी होती. नदीत पुन्हा झाडं आडवी टाकायची होती. त्यांचा आडोसा नसला की ट्राउट माशांची पिल्लं जगत नाहीत.

"आजोबा, पूर्वी झाडं कुठं कुठं पडायची, आठवतंय?"

अम्ब्रोज चाळीस वर्षं या नदीचा राखणदार होता. काठावरून तो काठीनं दाखवत गेला. "हितं एक ओक. त्या वळणावर विलो, मुळांसकट. पुलाखाली दोन."

"एवढं नेमकं कसं हो लक्षात?"

"मीच काढली ना सगळी! साखळी लावून, ट्रॅक्टरनं ओढून. एक फांदी म्हणून राहू दिली नाही. आरशासारखी होती नदी, लोक लांबून बघायला यायचे."

टॅम्सिन नकाशावर लाल खुणा करत राहिली.

"शिव्या दे हवं तर."

"तुम्हाला कुठं माहीत होतं, आजोबा?"

म्हाताऱ्यानं काठीचं टोक त्या रिकाम्या, नितळ पाण्यात बुडवलं.

"मासे कमी होताना दिसत होते गं. दरवर्षी वाटायचं, आपलीच साफसफाई कमी पडतेय."