जास्तीची किल्ली

जिन्याच्या मधल्या वळणावर अप्पा कठडा घट्ट धरून उभे होते. एका पायात घरातली सपात, दुसऱ्यात बाहेरची चप्पल. भाजीची पिशवी घेऊन वर येणारी सून त्यांना पाहून जागीच थबकली. घरोघरी जाऊन लोकांचे गुडघे-खांदे हलते करण्याचा तिचा व्यवसाय. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा व्यायामही तिनेच घेतले होते, आणि एकट्याने जिना उतरायचा नाही अशी तंबीही तिनेच दिली होती.

"आलीस होय," अप्पा म्हणाले आणि तिथेच पायरीवर बसले.

ती शेजारी टेकली. त्यांची उजवी मूठ अजून आवळलेलीच होती. तिने हलक्या हाताने ती सोडवली. आत गाडीची जास्तीची रिमोट किल्ली होती.

या किल्लीने तिला जेरीस आणलं होतं. ती रोज वापरायची त्या किल्लीचा सेल वर्ष वर्ष टिकायचा, आणि अप्पांच्या खोलीत नुसती खिळ्याला टांगलेली ही दोन महिन्यांत मान टाकायची. गॅरेजमधल्या इलेक्ट्रिशियनने बरंच काही सांगितलं होतं. किल्ली गाडीपासून लांब ठेवा, नाहीतर दोघी दिवसभर एकमेकींना हाका मारत बसतात. रेडिओ, मोबाइल यांच्याजवळही नको. तिने ते घरी येऊन सांगितलं. अप्पांनी मुकाट्याने रेडिओ दुसऱ्या कोपऱ्यात हलवला, मोबाइलचा चार्जर बाहेरच्या खोलीत नेऊन लावला. किल्ली तेवढी खिडकीपाशीच असू दे, असं चष्मा पुसत पुसत म्हणाले. सेल संपायचा तो संपलाच. नवा घातल्यावर तिच्या मनात आलं, वापरात नसलेल्या किल्लीचे एवढे लाड कशाला? काल तिने तो सेल काढून डबीत ठेवून दिला. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंही नाही.

"दिवे लागले नाहीत," अप्पा म्हणाले.

"कसले दिवे?"

अप्पा जमिनीकडे बघत, अडखळत बोलू लागले. आवारात पांढऱ्या गाड्या चार. मोतीबिंदूच्या डोळ्यांना दुसऱ्या मजल्यावरून सगळ्या सारख्याच. म्हणून अंधारून आलं की ते खिडकीत उभे राहून बटण दाबायचे. कुठल्यातरी एका गाडीचे दिवे लुकलुकले की समजायचं, सून आली. नाही लुकलुकले तर थोडं थांबून पुन्हा दाबायचं. पुन्हा म्हणजे किती वेळा, ते त्यांनी सांगितलं नाही. आज मात्र दाबून दाबून अंगठा दुखला तरी चारांतली एकही बोलेना. मग त्यांना खिडकीत थांबवेना.

"अहो, मग फोन करायचा ना."

"गाडी चालवत असलीस तरी उचलतेस तू. मला ठाऊक आहे."

तिने भाजीची पिशवी खालच्या पायरीवर ठेवली.

"सेल मीच संपवतो," अप्पा आणखी हळू आवाजात म्हणाले. "तू सगळा आळ रेडिओवर घातलास, तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही. बिचारा रेडिओ फुकट कोपऱ्यात गेला." मग म्हणाले, "आज चहाही टाकलेला नाही."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. नवरा परगावी नोकरीला; घरात ही दोघंच. ती दारात पाऊल टाकायची आणि आत चहाला नेमकी उकळी फुटलेली असायची. कधी खाली भाजीवालीशी बोलत रेंगाळली तरी चहा वाफाळताच. अप्पांची चहाची वेळ आणि आपली येण्याची वेळ एकच पडते, नशीबवान आहोत आपण, असं ती मैत्रिणींना कौतुकाने सांगायची.

आज गाडी तर केव्हाची आली होती. तीच खाली मेथी निवडून घेत उभी होती.

तिने सेल काढल्याचं सांगितलं. अप्पांनी किल्ली उलटसुलट करून पाहिली. रागावतील असं तिला वाटलं, पण ते हसले. "म्हणजे गाडी नव्हे, किल्लीच मुकी होती तर."

त्यांचा हात खांद्यावर घेऊन ती एकेक पायरी वर चढली. आधी सेल जागच्या जागी बसवला, मग स्वतःच चहा ठेवला. चहा घेताना सेल वाचवायचा उपाय तिनेच काढला. आवारात शिरलं की आपण मोठे दिवे दोनदा खिडकीवर मारायचे. अप्पांनी बटण दाबायचंच नाही. अप्पांना हे एकदम पटलं. रेडिओ आणून त्यांनी पुन्हा उशाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने गाडी लावली, खिडकीकडे दोनदा दिवे मारले आणि इंजिन बंद केलं. पिशवी उचलून दाराला हात घालणार, तोच दारं खटकन बंद झाली आणि गाडीचे दिवे आपले आपण लुकलुकले.

तिने पिशवी परत मांडीवर घेतली आणि वर चहाला उकळी फुटेल इतका वेळ तशीच आत बसून राहिली.